गाडीला कपडे चढवायचे दिवस

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख लिहिण्याइतकं माझं वाचन नाही. आमच्या घरात पुस्तकं आली ती माझ्यापासून, आणि तीही यंत्रांची. मराठीचा शेवटचा निबंध मी बारावीत लिहिला होता, तोही पाठ केलेला. त्यामुळे पुढचं मागे आणि मागचं पुढे झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांनी ती गाडी पाहिली नाही, आणि ज्यांनी पाहिली त्यांच्यातलं कुणी लिहीत नाही. एवढ्याच हिमतीवर लिहायला बसलो आहे.

थंडी पुन्हा आली आहे. आमच्या गावच्या, कोंढ्याच्या शिवारातलं धान कापून, चुरून झालं. रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, लाखोरीला निळी फुलं आली आहेत. सकाळी गावतळ्याच्या, बोडीच्या पाण्यावर धुकं बसून असतं आणि बगळे त्यात पायाने वाट शोधत चालतात. गावागावात पटाच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत. बैलजोड्यांच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात, बोलताना नुसतं पट. माझे बाबा पटाचे धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे. या दिवसांत ते जेवताना भाताकडे पाहत नाहीत, गोठ्याकडे पाहतात.

लोकांना थंडीत शेकोटीचा वास आठवत असेल. मला साबणाच्या पाण्याचा, स्पिरिटचा आणि गरम झालेल्या व्हिनाइलचा वास आठवतो. गॅरेजमध्ये कुणी नवीन स्टिकरचा मागचा कागद सोलला, तो चर्र आवाज आला, की मी उभ्या जागी थांबतो.

आमचं कॉलेज भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढे, हायवेला लागून. तिसऱ्या वर्षाला आम्ही काही जणांनी मिळून रेस कार बनवली. विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धा असतात, त्यासाठी. नळ्यांचा सांगाडा, मोटरसायकलचं इंजिन आणि वरून फायबरचं अंग. घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं की त्यात किती जण बसतात. एकच, म्हटल्यावर ती म्हणाली, "एकच मानूस बसते, तं मंग कायच्या कामाची गाडी?" 

तो एक माणूस म्हणजे सुमेध. पवनीचा. बारीक अंगाचा, लांब बोटांचा, डोळ्यांच्या पांढऱ्यात थोडासा पिवळेपणा. आम्ही त्याला जागरण समजायचो. तो स्वतःच्या गावाची मजा करायचा. म्हणायचा, आमच्या पवनीत घराचा पाया खणला की जुनंच काहीतरी निघतं, नवीन काही निघतच नाही, म्हणून मी इकडे आलो. आम्ही सगळ्यांनी ग्राउंडवर आळीपाळीने गाडी चालवून पाहिली होती. वळणावर आमच्या हातात ती किंचाळायची. सुमेधच्या हातात नुसती वळायची. चालक कोण, यावर मग वाद झालाच नाही. त्याला सीटच्या जागी बसवून, पाठीमागे पिशवीत फेस ओतून, तो फुगून घट्ट होईपर्यंत हलू दिलं नाही. सीट त्याच्या पाठीवर तयार झाली. दुसऱ्या कुणाला त्यात बसलं की कुठेतरी टोचायचं, कुठेतरी पोकळ लागायचं. ती गाडी स्पर्धेत सुमेधने चालवावी, एवढीच त्या थंडीची गोष्ट आहे.

फायबरचं अंग साच्यातून निघालं तेव्हा ते मळकट पांढरं होतं, ठिकठिकाणी खड्डे बुजवलेल्या पुटीचे डाग. रंग द्यायचा की व्हिनाइल लावायचं यावर बोलणं झालं. व्हिनाइल हलकं पडतं म्हणून तेच ठरलं. नागपूरला मोठ्या गाड्यांना ते लावून देणारे कारागीर आहेत, पण त्यांना स्पर्धेच्या आधी सवड नव्हती. आमची कॅप्टन तृप्ती, भंडारा शहरातली, सरळ बोलणारी. ती म्हणाली, वेल्डिंग करायला कोण आलं होतं बाहेरून? हेही आपणच करू.

भंडाऱ्याच्या रेडियमच्या दुकानातून रोल आणले. तो दुकानदार ट्रॅक्टरवर 'आईचा आशीर्वाद' आणि मोटरसायकलींवर नंबर चिकटवणारा. सुमेधने त्याला चित्र दाखवलं. गाडीचं नाक पऱ्ह्यांच्या रंगाचं, म्हणजे रोवणीच्या आधी धानाची रोपं असतात तसं कोवळं हिरवं. मग मागे जाता जाता गडद हिरवं, आणि शेपटाला पिकलेल्या धानाचं पिवळं. तृप्तीला वाघ हवा होता. सुमेध म्हणाला, "वाघ तं सगळेच लावतेत. थो वाघ तरी कुठं आपला आहे? धान आपलं आहे." आणि माझ्याकडे वळून, "दिन्या, तू सांग बे, पिकलेल्या धानाचा पिवळा कोणता. तुयाच बांधीत उभा राह्यते ना थो." मी रंगांच्या नमुना-कार्डावर बोट ठेवलं. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदाच मला माहीत असलेली गोष्ट कुणीतरी विचारली होती.

व्हिनाइल चिकटवणं हे काम पाहायला सोपं आहे. आधी फायबर पाणी पेपरने घासायचं, हात फिरवला तर काचेसारखं लागेपर्यंत. मग स्पिरिटने पुसायचं आणि त्यानंतर बोटही लावायचं नाही. दोघांनी चादर झटकायला धरावी तसा तुकडा धरायचा, तिसऱ्याने मागचा कागद सोलायचा. फायबरवर साबणाचं पाणी फवारायचं, म्हणजे तुकडा सरकवता येतो. जागेवर आला की पट्टीने मधून बाहेर पाणी काढत जायचं. घाई केली की बुडबुडा राहतो. बुडबुडा सुईने टोचून दाबता येतो, सुरकुती मात्र जात नाही. आमचा पहिला तुकडा इतका सुरकुतला की तृप्तीने तो माझ्या डोक्यावर फेट्यासारखा बांधला आणि म्हणाली, घे, पटाले जाय.

वळणावर व्हिनाइल गरम करून ओढावं लागतं. हीट गनची गरम हवा लागली की ते मऊ होतं, सांगाल तिथे जातं. पण त्याचा एक स्वभाव आहे. ओढलेलं व्हिनाइल आपली मूळची लांबी विसरत नाही. आज घट्ट बसलेली कडा दोन दिवसांनी हळूच मागे सरकते. त्यासाठी सगळं चिकटवून झाल्यावर प्रत्येक ओढलेली जागा पुन्हा एकदा खूप तापवायची, म्हणजे ते जुनं विसरतं आणि नव्या जागेचं होतं. मी कोंढ्याहून आलो तेव्हा मला वाटायचं शिक्षण असंच काहीतरी असेल. भाषा बदलेल, चालणं बदलेल, कडा बाहेर येणार नाहीत. तसं काही झालं नाही. बोलता बोलता 'का'च्या जागी 'काहून' तोंडातून जायचं आणि शहरातली मुलं हसायची. सुमेध मुद्दाम त्यांच्यासमोर अजून ठासून बोलायचा.

तो काम करायचा उन्हात, वर्कशॉपच्या दाराशी. अंगात दोन स्वेटर. मधूनमधून हीट गन दूर धरून स्वतःच्या मनगटावर, कोपरावर, गुडघ्यावर फिरवायचा. आम्ही म्हणायचो, तुलाही गाडीवर चिकटवायचं का? तो म्हणायचा, "हाव, पन मधून बाहेर दाबा. कडेनं दाबान तं हवा राहीन."

त्याच दिवसांत बाबा कॉलेजात आले. पहिल्यांदाच. भंडाऱ्याला कामाने आले होते, तिथून पोराची गाडी पाहायला. धोतर, वर माझंच जुनं जॅकेट. दारातून आत यायला त्यांना बराच वेळ लागला. आम्ही चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा बाबा गाडीजवळ वाकून तिच्याशी बोलत होते.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू ओढून कडक झालेल्या खांद्याला लोणी आणि हळद चोळायची, ऊब द्यायची, आणि बैलाला आवतण द्यायचं. बाबा हे पटाच्या आधीही करतात. गाडी शर्यतीत पळणार हे मी घरी सांगितलं होतंच. त्यांनी खिशातून लोणी-हळदीची डबी काढून पुढच्या चाकाचा दांडा जिथे अंगात शिरतो, त्या दोन्ही जागा चांगल्या चोळल्या होत्या. आम्ही तासन्‌तास घासून, स्पिरिटने पुसून, श्वासही न लागू देता ठेवलेल्या त्याच जागा. आणि वर म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तृप्ती चहाचे कप हातात धरून उभीच राहिली. माझी मान खाली गेली. बाबांना काहीतरी चुकलं हे कळलं, काय ते कळेना. ते म्हणाले, इथंच तर जोर येते ना? सुमेधने पुढे होऊन त्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "बरोबर जागा पाहिली काका तुमी. आमचे सर पन इथंच बोट ठेवतेत."

हात जोडले तेव्हा बाबांनी त्याचे हात पाहिले. बोटांची पेरं फुगली होती, मनगट टम्म. विचारलं, "हात काहून सुजले गा तुये?" थंडीनं, काका, असं तो म्हणाला. बाबांनी डबीत उरलेलं लोणी त्याच्या दोन्ही मनगटांना लावलं, चोळलं, आणि मला म्हणाले, ते गरम हवेचं यंत्र सुरू कर. मी हीट गन लांब धरून उभा राहिलो. बाबा त्याचे हात हवेत उलटेपालटे करत होते, जनावराचं करतात तसं. सुमेध खाली मान घालून बसला होता. हळदीचा आणि तापलेल्या लोण्याचा वास वर्कशॉपभर झाला.

लोणी आम्ही पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं, पण ते पाणी पेपरच्या बारीक ओरखड्यांत शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना व्हिनाइल उचललेलं. काढून पुन्हा लावलं. डाव्या बाजूला अंगठ्याएवढा फुगा राहिलाच. तृप्ती सुई घेऊन आली, तर सुमेधने तिचा हात धरला. "राहू दे वो. काकाचा अंगठा आहे थो."

त्यानंतर एका दुपारी आम्ही कंपाउंडच्या भिंतीवर ऊन खात बसलो होतो. हायवेवरून ट्रक जात होते. सुमेध पाण्याची बाटली संपवत होता; तो सतत पाणी प्यायचा. अचानक म्हणाला, "दिन्या, मले सिकल आहे. लाल कार्ड."

आमच्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. शाळेत सगळ्यांचं रक्त तपासतात. सिकलसेल असलेल्याला लाल कार्ड मिळतं, नुसता वाहक असेल त्याला पिवळं. लाल कार्डवाल्याच्या रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि मग हाडांतून कळ उठते. थंडी, थकवा, पाणी कमी पडणं, कशानेही. माझं पिवळं होतं. मी त्याला तेवढंच सांगू शकलो. तो हसला. म्हणाला, "म्हन्जे अर्धा भाऊच आहेस तू माया."

मग म्हणाला की त्याला दुसरं काही नको. लहानपणापासून खेळाच्या तासाला तो कपडे सांभाळत बसला होता. पळायचं नाही, पोहायचं नाही, भिजायचं नाही. गाडीत बसल्यावर पळावं तिला लागतं, आपल्याला नाही. "एकदा, फक्त एकदा शर्यतीत मायाच हातानं चालवू दे तिले. मंग काही झालं तं चालते."

तृप्तीला त्याने स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, माहीत होतं मला, डोळे दिसत नाहीत का तुझे? तेव्हा मला कळलं की इतके दिवस त्याच्या हातात बाटल्या कोण देत होतं. डॉक्टर म्हणाले होते, स्पर्धेपर्यंत तब्येत नीट राहिली तर पाहू. तेव्हापासून आम्ही त्याला साबणाच्या पाण्याला हात लावू दिला नाही. तो खुर्चीवर बसून हुकूम सोडायचा, आमच्या सुरकुत्या मोजायचा. शेवटी त्याचं नाव लावायचं होतं, बसायच्या जागेखाली, चालकाचं नाव असतं तिथे. तेवढं मात्र त्याने स्वतः लावलं. दाबताना त्याचं बोट 'ध' वर थोडं जास्त वेळ थांबलं.

गाडी ट्रकमध्ये चढवायच्या आदल्या दिवशी त्याला कळ आली. मी त्याआधी माणसाला असं दुखताना पाहिलं नव्हतं. तो ओरडत नव्हता, फक्त पाय कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. पवनीहून त्याची मोठी बहीण, करुणाताई आली. ती शिक्षिका, घरात आई-वडिलांनंतर तिनेच त्याला वाढवलेलं. तिने दवाखान्याच्या दारात आम्हाला सांगितलं, तुम्ही जा. नाही गेलात तर त्याला जास्त लागेल.

आम्ही गेलो. तृप्तीने चालवली. सीटमध्ये घोंगडी घडी करून घातली तरी तिला ती बसेना. सुमेधचं नाव झाकायला स्पर्धेवाल्यांनी चिकटपट्टी दिली होती, ती तिने लावली नाही. गाडी चांगली पळत होती आणि मग चेन तुटली. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तो दिसला, हाताला सलाइन, ओठ पांढरे. चेनबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "व्हिनाइल निघालं काय कुठं?" आम्ही गाडीभोवती फोन फिरवला. कुठेच निघालं नव्हतं. तृप्ती रडायला लागली तर तो म्हणाला, अवं, पुढच्या वर्षी मीच चालवीन, तू कायले टेन्शन घेतं.

पुढच्या वर्षी तो परीक्षेलाच बसू शकला नाही. कधी पवनी, कधी भंडारा, कधी नागपूरचा दवाखाना. बरा असला की फोन करायचा, नसला की फोन बंद असायचा, आणि काही दिवसांनी पुन्हा त्याचा आवाज यायचा, जणू शेजारच्या खोलीत गेला होता. तृप्ती पुण्याला नोकरीला लागली. मी पास होऊन वर्कशॉपमध्येच मदतनीस म्हणून राहिलो. नव्या मुलांनी नवी गाडी बनवली. आमची पत्र्याच्या शेडखाली उभी. उन्हाने पिवळा रंग पांढुरका झाला, नाकावरचं हिरवं तडकलं, सीटच्या खाचेत उंदरांनी घर केलं.

यंदा दिवाळीनंतर सरांनी सांगितलं की जुनी गाडी आता उघडायची, इंजिन नव्या मुलांना लागतं. मी धीर करून विचारलं, उघडायच्या आधी सुमेधला एक फेरी देता येईल का? कॉलेजच्या मागच्या ग्राउंडवर, हळू, एकच. सर म्हणाले, त्याच्या घरचे आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर आण त्याला. मी त्याला फोन केला. तो नागपूरला भरती होता, पण आवाज बरा होता. म्हणाला, ताई हो म्हणते, डॉक्टरही पाहू म्हणतेत, सुट्टी झाली की येतो. आणि मग, "पन दिन्या, फाटक्या कपड्यात नोको बे. नवे घाल तिले."

म्हणून या थंडीत मी पुन्हा व्हिनाइल लावलं. या वेळी एकट्याने. जुनं सोलायलाच किती वेळ लागला. गरम करत, बोटभर बोटभर ओढत. फायबरला दुसऱ्यांदा उघडं पाहिलं. उंदरांचं घर काढून सीट पुसली, आणि पुसता पुसता हात थांबला. त्या फेसात त्याच्या पाठीचे मणके अजून होते, एकाखाली एक, खांद्याचं उजवं हाड डाव्यापेक्षा थोडं वर. आता तो आणखी वाळला असणार. मी मनात म्हटलं, घोंगडी लागेल.

एकट्याने चादर धरता येत नाही. मी एक टोक चिमट्याने नळीला अडकवलं, दुसरं दातात धरलं. तेच हिरवं मिळालं नाही, थोडं वेगळं मिळालं. नव्या मुलांना विचारलं असतं तर आली असती, पण मला हे कुणाबरोबर करायचं नव्हतं. बुडबुडे राहिले, टोचले. नाव पुन्हा त्याच दुकानातून कापून आणलं. लावलं नाही, तसंच कागदावर ठेवलं. ते त्याने येऊन लावायचं होतं.

झाल्यावर दाराशी, उन्हात गाडी ओढून फोटो काढला आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं, कपडे झाले, कधी येतं? फोटोखाली एकच टिक आली. दवाखान्यात नेटवर्क नसतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशीही एकच. फोन लावला, बंद. हेही नवीन नव्हतं. करुणाताईचा नंबर माझ्याकडे नव्हता, कधी लागलाच नव्हता. त्याचाच फोन ती उचलायची. मी रोज सकाळी गाडीवरचं कापड काढायचो, कडा दाबून पाहायचो आणि पुन्हा झाकायचो. ग्राउंडवरचे दगड वेचून ठेवले. टायरमध्ये हवा भरून ठेवली.

रविवारी मी घरी होतो. बाबा पवनीकडच्या एका गावी पटाला गेले होते. संध्याकाळी येतील म्हणून आईने भात उशिरा टाकला होता, पण ते दुपार कलायच्या आधीच परतले. बैलांच्या अंगावर गुलाल नव्हता, घाम नव्हता. जोडी सुटलीच नव्हती. मी अंगणात गेलो आणि विचारलं, काय झालं, बैल लागला का? बाबांनी दोन्ही बैल बांधले, त्यांच्यापुढे पेंढ्या टाकल्या, सावकाश हात धुतले. मग माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"पवनीचे लोक भेटले पटावर. तुया थो दोस्त, सुमेध. मांगच्या हप्त्यातच गेला म्हन्तेत, नागपूरले. माती पन झाली." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, फार हळू, "तुले कोनी सांगतलंच नाई काय, बापू?"